फ्लॅट भाड्याने दिलाय पण भाडेकरू टिकत नाहीत, दर अकरा महिन्यांनी तेच नाटक. काय करावं?

निवांत_नाशिककर

मंडळी, पुण्यात वारज्याला आमचा २ बीएचके आहे, आम्ही राहतो नाशिकला. चौथा मजला, लिफ्ट आहे, एक कव्हर्ड पार्किंग, भाडं २४ हजार आणि डिपॉझिट ७५. लोकेशन वाईट नाही, हायवे जवळ, चांदणी चौकाचा नवा पूल झाल्यापासून हिंजवडीला जाणारेही विचारतात. भाडेकरू मिळायला अडचण येत नाही, टिकायला येते. अकरा महिने झाले की मेसेज येतो, सर आम्ही शिफ्ट होतोय. मग परत ब्रोकर, परत रंग, परत अॅग्रीमेंट, मी आणि बायको रजा टाकून पुण्याला. मागची फॅमिली चांगली होती हो, पण बावधनला हजार रुपये कमी भाड्यात मिळालं म्हणून गेली. हजार रुपयांसाठी कोणी सामान हलवतं का?

आता मे अखेर फ्लॅट रिकामा होतोय. या वेळी असा माणूस हवाय जो तीन-चार वर्षं तरी राहील. कोणी म्हणतं फॅमिलीच बघा, कोणी म्हणतं कंपनी लीज करा (म्हणजे करार कंपनीशी, राहणार तिचा माणूस), आमचे मेव्हणे म्हणतात अकरा महिन्यांच्या वर अॅग्रीमेंट केलंत की घर गेलंच समजा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टेंपोतला_संसार

मी उलट्या बाजूने लिहितो, म्हणजे भाडेकरू म्हणून. हजार रुपयांसाठी कोणी घर सोडत नाही साहेब. पॅकर्स मूव्हर्सलाच त्याच्या कितीतरी पट जातात, वर गॅस कनेक्शन, वायफाय, मुलांच्या रिक्षावाल्या काकांना नवीन पत्ता. हजार रुपये हे सांगायचं कारण असतं कारण खरं कारण मालकाच्या तोंडावर सांगता येत नाही, डिपॉझिट त्याच्याकडे अडकलेलं असतं.

आम्ही आधीचं घर का सोडलं सांगतो. मालकांनी एक बेडरूमचा माळा कुलूप लावून ठेवलेला, त्यात त्यांचं जुनं सामान, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी न सांगता येऊन ते सामान "बघायचे". बाथरूमच्या नळाचा वॉशर गेलेला, सांगितलं तर म्हणाले माझा प्लंबर गावाला गेलाय, तो येईपर्यंत बादली ठेवा. बादली आम्ही पावसाळाभर ठेवली. आणि रिन्यूअलच्या पंधरा दिवस आधी व्हॉट्सअॅपवर एक ओळ, रेंट विल बी १० पर्सेंट मोअर, पुढे हात जोडलेला इमोजी.

आत्ताच्या घराचे मालक सोलापूरला असतात. गीझर गेला तेव्हा फोन केला तर म्हणाले, तुम्ही तुमच्या ओळखीचा माणूस बोलवा, बिलाचा फोटो पाठवा आणि पुढच्या भाड्यातून वळते करा. बास. यापलीकडे त्या माणसाने आमच्यासाठी काही केलेलं नाही, पण समोरच्या बिल्डिंगमध्ये कमी भाड्यात फ्लॅट रिकामा झाला होता तेव्हा बायको म्हणाली, नको, इथे डोक्याला ताप नाही.

तुम्ही नाशिकला असता ना? मग तुमच्या घरात नळ गळला तर भाडेकरूने कोणाला फोन करायचा, हे ठरलेलं आहे का? ते आधी सांगा.

हिशोबी_मावशी

टेंपोतला संसार यांना अनुमोदन, आणि मी फक्त आकडे मांडते.

२४ हजारांवर १० टक्के वाढ म्हणजे २४०० आणि ५ टक्के म्हणजे १२००. फरक महिन्याला १२००, अकरा महिन्यांचे झाले १३,२००. आता २४ हजार भाडं म्हणजे दिवसाला ८००. म्हणजे त्या जास्तीच्या वाढीपायी भाडेकरू गेला आणि फ्लॅट फक्त १७ दिवस रिकामा राहिला की तुमचा सगळा फायदा साफ. आणि सतरा दिवसांत कोण नवीन येतं? जुने जाणार, रंगारी येणार, रंगाचा वास जाणार, मग बघायला लोक येणार. महिना सहज जातो. त्या महिन्याचा मेंटेनन्स तुमच्या खिशातून, ब्रोकर तुमच्याकडून घेत असेल तर ते वेगळं, रंगाचा खर्च वेगळा, नाशिक पुणे पेट्रोल आणि टोल तुम्ही धरतच नसाल.

मी माझ्या सिंहगड रोडच्या फ्लॅटला बाजारभावापेक्षा जरा कमीच भाडं लावते, मुद्दाम. मैत्रिणी म्हणतात तू वेडी आहेस. पण त्यांचे फ्लॅट दर वर्षी रिकामे असतात आणि माझ्याकडे जे जोडपं आलं होतं त्यांचा मुलगा आता शाळेत जातो. जरा कमी ठेवलं की बघायला पण दहा जण येतात आणि मग आपल्याला निवडता येतं, हा फायदा कोणी मोजतच नाही. चढं भाडं लावलं की जो एकटा तयार होतो त्यालाच द्यावं लागतं.

काडीमास्तर

सोप्पं आहे. फॅमिली, व्हेज, सरकारी नोकरी. बॅचलर नको, वकील नको, पोलीस नको, पत्रकार तर नकोच नको. घर टिकेल, भाडेकरू पण टिकेल.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय)

रातराणी_७

आलेच काडी टाकायला. मी तुमच्या "नको" वाल्या यादीतली, एकटी बाई, शिफ्टची नोकरी. कर्वेनगरला घर शोधत होते तेव्हा एका काकांनी विचारलं रात्री किती वाजता येता, मी म्हटलं कधी कधी सकाळी येते, तर काकांनी दारातूनच चपला दाखवल्या, म्हणजे माझ्याच चपला, घाला म्हणाले. शेवटी ज्यांनी घर दिलं त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, कुठे काम करता आणि आधीचं घर का सोडलं, आणि आधीच्या मालकांचा नंबर मागितला. तेव्हापासून मी तिथेच आहे. भाडं एक तारखेला जातं, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावलीये.

आणि एक सांगते, ज्याला घर मिळायलाच त्रास होतो तो मिळालेलं घर सहज सोडत नाही. एकटी बाई, घटस्फोटित बाप, मुसलमान कुटुंब, मासे खाणारे, सगळ्यांना दहा ठिकाणी नकार मिळालेला असतो. तुम्ही आडनाव न बघता पगार आणि वागणूक बघितलीत तर तुम्हाला टिकणारा माणूस मिळण्याची शक्यता जास्त आहे, हा निव्वळ व्यवहार सांगतेय, समाजसुधारणा बाजूला ठेवा.

खडकवासला_एक्सप्रेस

घर आमचं मर्जी आमची, यात कसला व्यवहार? उद्या चार पोरं येऊन पार्टी करतील तेव्हा सोसायटीच्या शिव्या मालकालाच बसतात, रातराणी ताईंना नाही.

रातराणी_७

चार पोरांचं मी म्हटलंच नाही. पण चार पोरांचं पण सांगते, त्यातलं एक लग्न करतं, एक बंगळुरूला जातं, म्हणून ती टिकत नाहीत. कारण हे आहे, पार्टी नाही. वाचून प्रतिसाद द्या की दादा.

माजी_सेक्रेटरी

दोघांनी जरा दमानं घ्या. सोसायटीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि भाडेकरू पळून जाण्यात सोसायट्यांचा वाटा मोठा आहे, हे मालकांना माहीतच नसतं कारण ते तिथे राहत नाहीत.

भाडेकरूच्या मुलांना क्लबहाऊस नाही, पाहुण्यांची गाडी आत नाही, सामान न्यायला लिफ्टचे वेगळे पैसे, गणपतीची वर्गणी मात्र सगळ्यांच्या आधी. कमिटीतले लोक मालकाला एनओसी घ्या म्हणून अडवतात. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवायचं आणि लिव्ह अँड लायसन्सची (ठराविक मुदत राहायची नुसती परवानगी देणाऱ्या कराराची) प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, सुद्धा सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ चा शासन निर्णय आहे. सेवाशुल्क १५०० असेल तर १५० रुपये, आणि तेही मालकाने भरायचे. तरी सोसायट्या हजार-हजार लावतात आणि मालक ते गुपचूप भाडेकरूवर ढकलतात.

नाशिककर, तुम्ही वर्षातून एकदा तरी एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला या. तुमच्या भाडेकरूला पार्किंगवरून कोणी बोललं तर चेअरमनला फोन तुम्ही करायचा, त्याने नाही. मेंबर तुम्ही आहात.

वाड्यातला

मेव्हण्यांचा मुद्दा राहिलाच. अकरा महिन्यांच्या वर गेलं की घर गेलं, ही भीती पुण्या-मुंबईच्या हाडात मुरलेली आहे आणि ती उगाच आलेली नाही. १९४७ च्या बॉम्बे रेंट अॅक्टखाली भाडी गोठली होती. आमच्या पेठेतल्या वाड्यात कुटुंबच्या कुटुंब चाळीस-पन्नास रुपयांवर राहत होती, मालकाला कौल बदलायला परवडत नव्हतं आणि भाडेकरूला सोडायला परवडत नव्हतं, दोघंही गळक्या छताखाली एकमेकांना कोर्टात भेटायचे. ते बघून मोठी झालेली पिढी भाडेकरू म्हटलं की घाबरते.

पण लिव्ह अँड लायसन्स ही वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपली आणि राहणारा माणूस निघाला नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तिथे जास्तीच्या दिवसांचं दुप्पट दराने नुकसान मागता येतं. हे अकरा महिन्यांना जसं लागू तसंच ३६ महिन्यांना. अकराचा आकडा आला कुठून, तर एक वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असते, ती टाळायला. पण आपल्याकडे त्या पळवाटेचा उपयोगच नाही कारण कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं जोपर्यंत तुम्ही उलटं सिद्ध करत नाही, वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून निवांत झोपणारे मालक बघितले की मला हसू येतं.

तेव्हा ३६ महिन्यांचा करा की बिनधास्त. ६० महिन्यांपर्यंत जाता येतं.

निवांत_नाशिककर

वाड्यातले, हे मेव्हण्यांना पाठवतो. पण ३६ महिन्यांचा केला तर स्टॅम्प ड्युटी वाढेल ना? आणि तो मधेच गेला तर?

हिशोबी_मावशी

स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. पहिल्या वर्षी २४ हजार, मग दर वर्षी ५ टक्के वाढ धरली आणि डिपॉझिटवरचं १० टक्क्यांनी धरतात ते व्याज मिळवलं तर तीन वर्षांची ड्युटी होते साधारण २३००, अधिक नोंदणी फी १००० शहरी भागात. अकरा महिन्यांचा केलात तर ड्युटी ७०० च्या आसपास आणि तेच १००० प्रत्येक वेळी, शिवाय घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची फी प्रत्येक वेळी. म्हणजे लांबचा करार स्वस्तच पडतो.

वाड्यातला

मधेच गेला तर काय हे लॉक-इनने ठरतं, म्हणजे ज्या मुदतीत करार मोडता येत नाही तिने. मी सहा महिने दोघांना लॉक-इन ठेवतो, नंतर भाडेकरूला एक महिन्याची नोटीस आणि मला मात्र दोन महिन्यांची. मुद्दाम असं ठेवतो. त्याला कळतं की हा माणूस मला अचानक काढणार नाही, मग तो घरात खिळे जपून ठोकतो, स्वतःचे पडदे शिवतो. पडदे शिवले की माणूस राहतो, हा माझा ठोकताळा.

आणि वाढ करारातच लिहून टाका. दर वर्षी ५ टक्के, तारखेसकट. वाढीचं कोणाला वाईट वाटत नाही, शेवटच्या पंधरवड्यात मागितली की वाटतं.

चाबीवाला

नमस्कार, मी कोथरूड वारजे भागात एजंट आहे, सगळे आम्हाला शिव्या देतात पण एक फुकट सल्ला घ्या. अॅग्रीमेंट कधी संपतंय ते बघा! फॅमिली लोक एप्रिल मे मध्ये घर शोधतात, शाळा जूनमध्ये चालू होते म्हणून. तुमचं अॅग्रीमेंट नोव्हेंबरला संपत असेल तर तेव्हा रस्त्यावर फक्त नोकरी बदललेले आणि बॅचलर असतात, मग मालक म्हणतात फॅमिली मिळत नाही. आणि अकरा महिन्यांच्या अॅग्रीमेंटची तारीख दर वर्षी एक महिना मागे सरकते हे कोणाच्या लक्षातच येत नाही, मे, मग एप्रिल, मग मार्च, ऐन परीक्षेत. तुमचा मे अखेर रिकामा होतोय म्हणजे नशीबवान आहात, पण रंगात जून घालवू नका. आत्ताचे लोक आत असतानाच, त्यांची परवानगी घेऊन, पुढच्यांना घर दाखवा.

मूल पहिली दुसरीत आणि शाळा जवळ, अशी फॅमिली मिळाली तर ती हलत नाही, शाळा बदलावी लागते ना. दहावीतलं मूल असेल तर मार्चनंतर जाण्याची तयारी ठेवा.

जाहिरातीचे फोटो दुपारी काढा, दिवे लावून, संडासाची सीट खाली करून. हसू नका, रोज बघतो. आणि आम्हाला टाळायचं असेल तर जरूर टाळा, सोसायटीच्या ग्रुपवर टाका, तिथल्याच कोणाचे तरी भाऊ-बहीण शोधत असतात आणि ते लोक नातेवाइकाजवळ म्हणून टिकतात. आमचा धंदा घर बदलण्यावर आहे, टिकण्यावर नाही, खरं ते सांगितलं.

न्यूजर्सीतून

अवांतर होईल थोडं, पण परदेशात असणाऱ्या मालकांसाठी. मालक एनआरआय असेल तर भाडेकरूला भाड्यातून ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापावा लागतो, रक्कम कितीही असली तरी, आणि त्यासाठी त्याला टॅन नंबर (कर कापणाऱ्याला लागतो तो) काढून रिटर्न भरावं लागतं. बरेच मालक हे सांगतच नाहीत, भाडेकरूला नंतर कळतं आणि तो नको ती कटकट म्हणून निघून जातो. आम्ही आधीच सांगतो, पुण्यातल्या आमच्या सीएकडून त्याचं टॅनपासून सगळं करून देतो आणि फी आम्ही भरतो. कमी दराने कापायचं सर्टिफिकेट पण मिळतं, अर्ज करावा लागतो. नाशिककरांना याची गरज नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाला असेल.

खडकवासला_एक्सप्रेस

हे सगळं ठीक आहे, पण चांगला भाडेकरू ओळखायचा कसा? कपाळावर लिहिलेलं नसतं. आमच्या एकाने सहा महिने भाडं थकवून डिपॉझिटमध्ये वळतं करा म्हणून सांगितलं आणि भिंती अशा करून गेला की विचारू नका.

टेंपोतला_संसार

सहा महिने थकेपर्यंत तुम्ही काय करत होतात हा पण प्रश्न आहेच, पण असो. रातराणींनी वर लिहिलंय ते उत्तर आहे, आधीच्या मालकाला फोन करा. आत्ताच्या नाही, त्याच्याही आधीच्या. आत्ताच्याला पीडा घालवायची असेल तर तो गोडच बोलेल.

बाकी पगाराची स्लिप, ओळखपत्र, पोलिसांकडे ऑनलाइन माहिती भरणं हे तर करायचंच, ते न केल्याबद्दल गुन्हा मालकावर होतो. आणि तुम्ही प्रश्न विचारता तसे त्यालाही विचारू द्या. जो येऊन नळ सोडून बघतो, मोबाईलची रेंज बघतो, कचरा कधी उचलतात विचारतो, तो राहायला आलाय. जो पाच मिनिटांत "डन सर" म्हणतो त्याला दुसरीकडे मिळेपर्यंत छप्पर हवंय.

रातराणी_७

आणि डिपॉझिट!! यावर कोणीच बोललं नाही. जाताना डिपॉझिट परत मिळेल का, या भीतीने लोक शेवटचे दोन-तीन महिने भाडंच देत नाहीत आणि मग खडकवासला दादांसारखे मालक म्हणतात बुडवलं. चावी देताना व्हिडिओ काढा, प्रत्येक खोली, प्रत्येक नळ, फरशीवरचा प्रत्येक टवका, आणि दोघांच्या फोनमध्ये ठेवा. रंग कोण करणार हे आधीच लिहा. तीन वर्षं राहिलेल्या माणसाकडून रंगाचे पैसे कापणं म्हणजे कद्रूपणाच आहे, भिंत जुनी होणारच.

खडकवासला_एक्सप्रेस

व्हिडिओचं पटलं. रंगाचं नाही पटलं.

माजी_सेक्रेटरी

नाशिककर, नळ गळला तर फोन कोणाला, या टेंपोतला यांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

निवांत_नाशिककर

उत्तर खरं तर नव्हतंच, मला फोन यायचा आणि मी येतो तेव्हा बघू म्हणायचो. आता सोसायटीच्या वॉचमनकडून प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन दोघांचे नंबर घेतलेत, ते करारासोबतच देणार. २००० पर्यंतचं काम न विचारता करून घ्या, भाड्यातून वळतं करा, त्याच्या वर असेल तर फोन करा, असं लिहून देतो. बायकोशी बोललो, भाडं २४ च ठेवतोय, ब्रोकर २६ लावा म्हणत होता. करार ३६ महिन्यांचा, ५ टक्के वाढ लिहून, १ जूनपासून. सगळ्या खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवून घेतोय, आत्ताच्या वहिनींनी जाता जाता सांगितलं की संध्याकाळी खिडकी उघडता येत नाही. आधी कधीच बोलल्या नव्हत्या.

हिशोबी_मावशी

घाबरून बोलल्या नसतील. जाळ्या उत्तम. किचनच्या सिंकखालचा पाइप पण बघून घ्या, तिथूनच झुरळं येतात.

पहिलाच_प्रतिसाद

नमस्कार, इतके दिवस वाचनमात्र होते. आम्ही तिघं, मुलगी जूनपासून पहिलीत, शाळा कर्वेनगरला, सध्या धायरीत राहतो आणि रोजच्या ट्रॅफिकने जीव जातो. नाशिककर, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तो बघाल तेव्हा बघा, पण इथेच एक विचारते म्हणजे बाकीच्यांना पण कळेल, उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं? आणि आम्ही मासे खातो, चालेल ना?

निवांत_नाशिककर

मासे चालतील, एक्झॉस्ट फॅन जुना आहे तो बदलून देतो. पाणी कॉर्पोरेशनचं सकाळी येतं, एरवी टाकीतून दिवसभर असतं, पण एप्रिल मेमध्ये टँकर मागवावे लागतात आणि तेव्हा संध्याकाळी तासभरच सोडतात. टँकरचे जास्तीचे पैसे मेंटेनन्समध्ये येतात, ते माझ्याकडे. व्यनि बघितला, रविवारी पुण्यात आहे, अकरानंतर या.